आधी पोती, मग पोरं

बाबा निवृत्त लिफ्ट तपासनीस होते, आणि एवढं सांगितलं की त्यांच्याबद्दल फारसं काही सांगायचं उरत नाही. त्यांच्या नोकरीच्या काळात शहरात जेवढ्या लिफ्ट बसल्या, त्या सगळ्यांत पहिल्यांदा चढली ती वाळूची पोती, मग बाबा आणि मग बाकीची दुनिया. पोत्यांचं वजनही साधंसुधं नसायचं. लिफ्टच्या पाटीवर जेवढं लिहिलेलं असेल, त्याच्या सव्वापट. तेवढ्या वजनाला दोर करकरला नाही आणि ब्रेक नीट लागला, की बाबा एकटे आत शिरायचे, दार ओढून घ्यायचे, वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली यायचे आणि बाहेर ताटकळलेल्यांना म्हणायचे, "आधी मी, मग माणसं." त्यांची बायको सांगायची की लग्नातसुद्धा ते आधी एकटे स्टेजवर चढून चार उड्या मारून आले होते आणि मगच त्यांनी तिला वर बोलावलं होतं.

माणूस निवृत्त होतो, सवय कुठली व्हायला! सकाळी खुर्चीत बसण्याआधी ते खुर्ची हलवून बघत. अशा माणसाला कुणी साहसी युवक मंडळाचं अध्यक्ष करावं का? पण केलं. कुणीतरी जबाबदार माणूस हवा म्हणाले, आणि बाबांपेक्षा जबाबदार माणूस शोधायला दिवा घेऊन निघावं लागलं असतं.

मंडळ चालवायची मात्र त्यांची लेक. तिला सगळे ताई म्हणत. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" असं विचारायची, आणि संध्याकाळी लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये पोरांना जमवायची. हॉलची फरशी खालच्या वाफेने कायम कोमट असायची, त्यामुळे पोरं चपला काढून लोळत पडत. मंडळाच्या नावात ‘साहसी’ हा शब्द होता खरा, पण त्यांनी आजवर केलेलं सर्वांत मोठं साहस म्हणजे पंखा पुसायला शिडीवर चढणं. तेही शिडी बाबांनी तपासून दिल्यावर.

दरवर्षी सहलीची बैठक व्हायची आणि दरवर्षी बाबा कुठेतरी खोट काढायचे. कधी बसचे टायर, कधी ढग, कधी नुसतंच "मला ठीक वाटत नाही." पोरं कंटाळून एकेक करून गळाली. यंदा नऊ उरली होती. त्यातच लाँड्रीवाल्या काकांनी स्वच्छ सांगून टाकलं, "या सुट्टीत सहल निघाली तर हॉल तुमचा. नाही निघाली तर मी इथे इस्त्रीची टेबलं टाकतो. फुकटात लोळायला जागा देण्यापेक्षा ते बरं."

पोरांचं मंडळ मोडणार याचं ताईला वाईट वाटत होतंच. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. शाळेची प्रत्येक सहल तिने घरच्या खिडकीतून जाताना पाहिली होती. कारण एकच, बस तपासलेली नव्हती. आता केसांत एखादी चांदीची तार दिसायला लागली, तरी ती कुठल्याही उंच जागी उभी राहिली नव्हती. मंडळ मोडलं असतं तर पुढेही राहिली नसती.

म्हणून यंदा ती पूर्ण तयारीनिशी बैठकीला बसली. तिने टेबलावर चार रंगीत पत्रकं मांडली. नदीतून रबरी होडीची सफर, डोंगराच्या पोटातली गुहा, जंगलात तंबूत मुक्काम, आणि कड्यावरून दोराने उतरणं. समितीत बाबा, लाँड्रीवाले काका आणि वकीलकाकू असे तिघे होते. वकीलकाकू पालकांच्या प्रतिनिधी होत्या. त्यांचा मुलगा मंडळात होता, काटकुळा आणि चपळ, म्हणून त्याला सगळे मुंगूस म्हणत.

"नदीत पाणी असतं," वकीलकाकूंनी सुरुवातीलाच मुद्दा मांडला.

"गुहेत अंधार असतो," काका म्हणाले. त्यांचं काही म्हणणं नव्हतं, पण गप्प बसलो तर चहा मिळणार नाही असं त्यांना वाटत असावं.

बाबांनी चारही पत्रकं नीट वाचली, उलटी करून पाहिली, उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. "चर्चेने काय होतंय? चाचणी घेऊ."

ताईने पत्रकं गोळा करायला घेतली. बाबा ‘चाचणी’ म्हणाले की काय होतं, ते तिला जन्मापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना लाँड्रीच्या काट्यावर उभं केलं गेलं. ज्या काट्यावर चादरी मोजत, त्यावर पोरं मोजली. मग प्रत्येकाच्या वजनाच्या सव्वापट वाळू भरलेलं एकेक पोतं हॉलमध्ये आलं आणि बाबांनी ठळक अक्षरांत त्यावर ज्याचं त्याचं टोपणनाव लिहिलं. मुंगूस. झिपऱ्या. उंटीण, ही सगळ्यांत उंच मुलगी. बोलघेवडी. असं करत नऊ. दहावं पोतं बाबांनी घरीच भरलं, स्वतःच्या हातांनी, आणि त्यावर ‘ताई’ असं लिहिलं. बाकीची पोती सुतळीने बांधली होती. या पोत्याचं तोंड त्यांनी शिवून घेतलं होतं.

"आता हे जे काही होईल ते आधी पोत्यांना होईल," बाबांनी पोरांना समजावलं. "त्यांना काही झालं नाही तर तुम्ही."

पहिली चाचणी नदीची. काकांनी साबणाचं पाणी हॉलभर ओतलं आणि दोन हवेच्या गाद्या बांधून होडी केली. त्यावर पोती बसवली. बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, आणि दोघांनी गाद्या हेलकावल्या. तिसऱ्या हेलकाव्याला झिपऱ्याचं पोतं घसरलं आणि फेसात तोंडावर पडलं.

"बुडाला," बाबा म्हणाले.

"अहो, मला पोहता येतं," खरा झिपऱ्या कोपऱ्यातून म्हणाला.

"तुला येतं. त्याला येत नाही. आपण चाचणी त्याची घेतोय." नदी बाद झाली.

गुहेसाठी टेबलं जोडून त्यांवर लाँड्रीच्या जाड चादरी टाकल्या आणि पोती आत ढकलली. बाबा टॉर्च घेऊन मागोमाग रांगत गेले आणि तिथेच अडकले. त्यांना पाय धरून बाहेर ओढावं लागलं. बाहेर आल्यावर कपाळावरचं टेंगूळ चोळत ते म्हणाले की गुहेत आत जायला वाट आहे, पण बाहेर यायला दुसरं दार नाही, आणि अशा इमारतीला त्यांनी नोकरीत असताना कधी मान्यता दिली नसती. गुहा बाद. जंगलासाठी पोती रात्रभर लाँड्रीच्या मागच्या अंगणात ठेवली. सकाळी बघतात तर बोलघेवडीच्या पोत्यावर शेजारचं मांजर विसावलं होतं आणि पोत्याला नखं लागली होती. बाबांनी शेरा मारला, "हिंस्र श्वापदांचा उपद्रव." जंगलही बाद.

राहिला कडा. हॉलची खिडकी रस्त्यावर उघडत होती. काकांनी कपडे वाळत घालायचा मजबूत दोर आणला, बाबांनी गाठी मारल्या आणि पोती एकेक करून खिडकीतून खाली सोडायला सुरुवात झाली. खाली बघ्यांची ही गर्दी! आठ पोती सुखरूप उतरली. नववं, मुंगसाचं, खिडकीखालच्या पाटीच्या कोपऱ्याला घासलं, टर्रकन फाटलं आणि सगळी वाळू रस्त्यावर पडली.

बाबांनी टोपी काढली.

"मुंगूस गेला," ते म्हणाले.

वकीलकाकूंनी हंबरडाच फोडला. काकांनी त्यांना पाणी दिलं. बाबांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, आणि सगळे उभे राहिले. मुंगूसही राहिला. तो बिस्किट खात होता.

"आई, मी इथे आहे गं," तो हळूच म्हणाला.

"तू गप्प बस! मोठ्या माणसांचं काही चाललंय ना?" काकूंनी डोळे पुसत त्याला दटावलं.

ताईने कपाळाला हात लावला. चारही सहली संपल्या. इस्त्रीची टेबलं कुठे कशी लागतील, याचा काका एव्हाना नजरेने अंदाज घेत होते. तेवढ्यात बाबा खिडकीकडे गेले. त्यांनी रिकाम्या पोत्यासकट लोंबकळणारा दोर वर ओढला आणि हाताने पीळ चाचपत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"दोर शाबूत आहे," ते म्हणाले. "गाठही शाबूत आहे. म्हणजे यंत्रणेत दोष नाही. दोष मुंगसात आहे. कडा पास!"

"माझा मुलगा फाटला आणि तुम्ही म्हणता पास?" वकीलकाकू उसळल्या.

"त्याला दुहेरी अस्तर लावू," बाबांनी तोडगा काढला. काकूंना तो पटला. या बैठकांत माणसाला काय पटेल याचा नेम राहिला नव्हता.

पोरांनी आरडाओरडा करत हॉल डोक्यावर घेतला. ताईच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. पण बाबांनी हात वर केला. "थांबा. ही घरातली चाचणी झाली. प्रत्यक्ष जागेवरची व्हायचीय. या सुट्टीत पोती खऱ्या कड्यावर जाऊन येतील. सगळं ठीक झालं तर पुढच्या सुट्टीत पोरं."

पुढच्या सुट्टीत! तोवर हॉलमध्ये शर्टांच्या कॉलरींखेरीज काही उरलं नसतं. ताईला संताप आला. असा संताप तिला याआधी आला असेल तो शाळेत असताना, घरच्या खिडकीत. ओरडावं, पोती खिडकीतून फेकून द्यावीत, असं काय काय मनात आलं. पण ती त्याच बापाची लेक होती. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, बरोबर आहे तुमचं. पण ही पोती डोंगरावर वाहून कोण नेणार? तुमचे गुडघे असे, काकांची पाठ तशी."

बाबा विचारात पडले. "हमाल लागतील. चांगले तरणेताठे."

"माझ्या ओळखीचे नऊ आहेत," ताई म्हणाली.

बाबांनी पोरांकडे पाहिलं. पोरांनी बाबांकडे पाहिलं. "सदस्य म्हणून नाही," बाबा सावधपणे म्हणाले. "फक्त हमाल म्हणून."

"फक्त हमाल म्हणून."

"हमालांची चाचणी घ्यायची पद्धत नाही," बाबा स्वतःशीच पुटपुटले, आणि घोडं गंगेत न्हालं.

आता एकच पंचाईत होती. स्वतःच्या वजनाच्या सव्वापट पोतं घेऊन डोंगर चढणारं पोर अजून जन्माला यायचं होतं. ताईने काकांना गाठलं. सहल बारगळली तर टेबलं टाकायला मोकळे होणारे काका मदत कशाला करतील, असं तिला वाटलं होतं. पण मुंगसाला श्रद्धांजली वाहिल्यापासून काकांचा त्या पोत्यांवर जीव जडला होता. लाँड्रीत कुणी न्यायलाच न आलेल्या कपड्यांचा ढीग पडून होता. ताईने आणि काकांनी अस्तर लावून पुन्हा भरलेल्या मुंगसासकट नऊ पोत्यांतली वाळू मागच्या अंगणात ओतली आणि त्यांत रजया, पडदे, स्वेटर आणि एक तपकिरी कोट कोंबला. कोट कोंबताना काकांचा हात थबकला. "फार वर्षं वाट बघितली याच्या मालकाची," ते म्हणाले. "जाऊ दे, निदान डोंगर तरी बघेल."

ताईच्या पोत्याला मात्र हात लावता आला नाही. ते बाबांच्या खाटेखाली होतं.

निघायच्या सकाळी बाबा बसच्या टायरांना लाथा मारून, आरसे हलवून, ड्रायव्हरला दोन्ही डोळे आळीपाळीने मिटायला लावून मोकळे झाले. पोती चढायला लागली. उंटिणीने आपलं पोतं एका हाताने उचललं आणि गाणं गुणगुणत टपावर भिरकावलं. बाबा तिथेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि म्हणाले, "नीट बांधा रे. वारा असतो वर." दहावं पोतं ते कुणालाच उचलू देईनात. ते दोघा हमालांनी आणि बाबांनी मिळून बसच्या आत चढवलं आणि बाबा वाटभर त्याच्या शेजारी बसले.

डोंगराच्या वाटेवर ते जड पोतं पोरांनी चौघे-चौघे आळीपाळीने वाहून नेलं, आणि वर कड्यापाशी त्यांची वाट बघत एक दोरवाला उभा होता. कड्यावरून माणसं उतरवणं हाच त्याचा धंदा. त्याने गळ्यात लाँड्रीचा दोर अडकवून आलेल्या म्हाताऱ्याकडे, हमालांकडे आणि पोत्यांकडे पाहिलं.

"उतरायचंय कुणाला?" त्याने विचारलं.

"यांना," बाबांनी पोत्यांकडे बोट दाखवलं.

दोरवाल्याने बोटाने पोती मोजली. मग म्हणाला, "आमच्याकडे हेल्मेटशिवाय कुणाला सोडत नाही." बाबांना हा माणूस एकदम आवडला. दहाही पोत्यांना हेल्मेटं चढवली गेली. मुंगसाच्या पोत्याचं हेल्मेट सारखं पुढे येत होतं, ते बाबांनी स्वतः पट्टा आवळून बसवलं.

एकेक पोतं कड्यावरून खाली गेलं. झिपऱ्या, बोलघेवडी, उंटीण, दुहेरी अस्तराचा मुंगूस. कुणी फाटलं नाही, कुणी बुडालं नाही. नऊ उतरल्यावर दोरवाल्याने घाम पुसला आणि विचारलं, "आता या पोरांचं काय? पोती तर खाली गेली. वाहून परत आणायची असतील तर पोरांनाही खालीच जावं लागेल. आणि पायी डोंगराला वळसा घातला तर संध्याकाळ होईल."

बाबांनी बराच वेळ कड्याखाली पाहिलं. "हमालांना कामाच्या जागी पोचवणं हा यंत्रणेचा भाग आहे," ते शेवटी म्हणाले. "उतरवा."

मग काय विचारता! हेल्मेटं घालून, पट्टे बांधून पोरं एकेक करून उतरली. कुणी किंचाळलं, कुणी गाणं म्हटलं, मुंगसाने मधेच थांबून लोंबकळत एक बिस्किट खाल्लं. खाली पोचल्यावर जो तो आपापल्या पोत्याला मिठी मारत होता. वरून बघताना ताईला हसू आवरेना.

वर आता मंडळाची तिघंच उरली. बाबा, ताई आणि ताईचं पोतं. दोरवाला दोर सारखा करत होता.

"आता हे," दोरवाला म्हणाला आणि पोत्याला हात घातला. "बापरे! हे एवढं जड कसं?"

"त्यात वाळू आहे," बाबा म्हणाले.

ताईने चमकून पाहिलं. बाबा कड्याकडेच बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी आयुष्यभर पोती उचललीत, बाळ. त्या पोरीने एका हाताने टपावर फेकलं, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण मग सगळ्यांना बसमधून उतरावं लागलं असतं." ते खाली बसले आणि त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "माझ्या हातून पास झालेल्या एकाही लिफ्टला काही झालं नाही. एकाही! लोक म्हणतात, नशीबवान आहात. मला रोज सकाळी वाटायचं, आज होईल. काहीच झालं नाही ना, म्हणून जास्त भीती वाटते."

दोरवाल्याने पोत्याला पट्टा बांधला. बाबांनी दोर हातात घेतला. आधीची नऊ पोती त्यांनी चटचट सोडली होती. हे सुटेना. पोतं कड्याच्या टोकाशी आलं की ते पुन्हा मागे ओढत. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी पोत्याला दोन्ही हातांनी कवटाळलंच, आणि पोत्याचं हेल्मेट त्यांच्या हनुवटीवर आपटलं.

ताई त्यांच्याशेजारी जाऊन बसली. तिला त्यांचा राग यायला हवा होता, इतकी वर्षं यायचाच. आत्ता मात्र तिला त्यांची नुसती माया वाटली. "राहू दे बाबा," ती म्हणाली. "पोतं नका सोडू. मी जाते."

"चाचणी नाही झालेली."

"नाही झालेली."

बाबांनी दोरवाल्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, गाठीला अंगठा लावून पाहिला. ताई आता तेच ठरलेलं वाक्य ऐकायची वाट बघू लागली. आधी मी, मग माणसं. त्यांचे गुडघे असे, ते कसे उतरणार, याची तिला काळजी लागली. बाबा उठले. पोत्याचं हेल्मेट त्यांनी काढलं, लेकीच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला.

"आधी तू," ते म्हणाले.

ती कड्याच्या टोकावर उभी राहिली. खाली दूरवर झाडं, वाट, आणि मुंग्यांएवढी नऊ पोरं नऊ पोत्यांसकट हात हलवत होती. सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं. ती घाबरली, रडली, हसली, आणि उतरली.

बाबा काही उतरले नाहीत. दोरवाल्याच्या जीपने ते वळसा घालून आले, आणि आले ते एकटेच.

"माझं पोतं?" ताईने विचारलं.

"वरच बसवून आलोय, झाडाखाली. नजारा चांगला आहे तिथून."

"ते तसंच सोडून यायचं का?" झिपऱ्या काळजीने म्हणाला. पोरांत एकच कालवा झाला. ताईचं पोतं एकटं वर ठेवायचं म्हणजे काय! आणायलाच हवं!

बाबांनी हात वर केला आणि सगळी शांत झाली. "पुढच्या सुट्टीत आणू," ते म्हणाले. "सगळे जाऊ. हमाल म्हणून नाही, सदस्य म्हणून." मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच पुढच्या वर्षीची सहल एकमताने ठरली.